शीटवर १:१००, कागदावर १:१५१

दुमजली इमारतीचा तळमजल्याचा प्लॅन. बाहेरून बाहेर ३८.४० मी. × २२.६० मी. लांबीच्या बाजूने सात गाळे, म्हणजे खांबांमधल्या जागा: मधले पाच प्रत्येकी ६ मीटरचे, टोकाचे दोन ४ मीटरचे, खांब ४०० मिमी चौरस. ड्रॉइंग ऑटोकॅड या सॉफ्टवेअरमध्ये, मिलिमीटरमध्ये, पूर्ण मापात काढलेलं. टायटल ब्लॉकमध्ये, म्हणजे शीटवरच्या माहितीच्या चौकटीत, ठळक अक्षरांत ‘स्केल १:१००’. साइटवर पोचली ती ए३ कागदावरची प्रिंट.

तिथे दोन आडव्या भिंतींची जागा डायमेन्शनमध्ये लिहिलेली नव्हती, म्हणून स्केलपट्टी लावली गेली. पडताळणीसाठी आधी ६ मीटरचा गाळा मोजला, तर तो कागदावर ३९.६ मिमी भरला. १:१०० असता तर ६० मिमी भरायला हवा होता. इथपर्यंत ठीक होतं, कारण ढळढळीत चूक दिसली की माणूस थांबतो. पण ३९.६ हा आकडा ४० च्या इतका जवळ आहे की ‘शीट १:१५० ची असेल, लिहिताना चुकलंय’ असा निष्कर्ष निघाला. उरलेला ०.४ मिमी रेषेच्या जाडीच्या खात्यावर टाकला गेला. त्या हिशेबाने कोपऱ्यापासून २७ मीटरवर असलेली भिंत २६.७४ मीटरवर आली, म्हणजे जवळपास २६ सेंमी अलीकडे. आखणी करताना शेजारच्या खांबापासूनचं अंतर जुळेना म्हणून चूक चुन्याच्या रेषेवरच पकडली गेली. दीडपटीने चुकलेलं स्केल निरुपद्रवी असतं. एक टक्क्याने चुकलेलं स्केल भिंत बांधून मोकळं होतं.

आकसणं कुठे कुठे झालं

१५१ हा आकडा एका चुकीतून आलेला नाही. तीन ठिकाणी ड्रॉइंग थोडं थोडं आकसलं आणि ते गुणाकाराने साचत गेलं.

जुन्या पद्धतीप्रमाणे ए२ ची बॉर्डर १०० पट मोठी करून मॉडेलमध्येच, म्हणजे पूर्ण मापात काढतात त्या जागेत, प्लॅनभोवती ठेवलेली होती. ही पद्धत चुकीची नाही; ए२ कागदावर १:१०० ने प्लॉट केलं, म्हणजे छापलं, तर सगळं बरोबर येतं. प्लॉट करताना मात्र कागद ए३ निवडला गेला, क्षेत्र ‘विंडो’ने दाखवलं आणि ‘फिट टू पेपर’वर टिक राहिली. ए२ वरून ए३ म्हणजे ७०.७ टक्के, कारण ए मालिकेतला प्रत्येक कागद आधीच्याच्या निम्म्या क्षेत्रफळाचा असतो आणि बाजू √२ ने कमी होतात. नुसतं एवढंच झालं असतं तर स्केल १:१४१ आलं असतं.

पण निवडलेल्या ए३ पानाला चारी बाजूंनी ५ मिमी समास होता. छपाईयोग्य भाग ४२० × २९७ नव्हे, ४१० × २८७ मिमी. ‘फिट’ नेहमी छपाईयोग्य भागात बसवतं, कागदात नाही. उंचीचं गुणोत्तर २८७ भागिले ४२०, म्हणजे ०.६८३, रुंदीचं ०.६९०. लहान गुणोत्तर लागू होतं. पीडीएफ बनली तेव्हाच स्केल १:१४६ झालं होतं.

तिसरा धक्का पीडीएफ छापताना बसला. पीडीएफ वाचकातही ‘फिट’ होतं, आणि प्रिंटरलाही आपला ५ मिमी समास होताच. २८७ भागिले २९७ म्हणजे ०.९६६. आता ०.६८३३ × ०.९६६३ = ०.६६०३. म्हणजे १:१५१.४.

कुठला धक्का कुठे बसला हे शोधायला पुन्हा प्रिंट काढावी लागत नाही. पीडीएफच्या प्रॉपर्टीजमध्ये पानाचा आकार बघायचा, आणि वाचकातल्या मोजमापाच्या साधनाने तोच गाळा मोजायचा. या फाइलमध्ये तो ४१.० मिमी आला. म्हणजे बरीचशी घट ऑटोकॅडमध्ये आणि उरलेली प्रिंटरपाशी. उलट पीडीएफमध्ये ६० मिमी आणि कागदावर ५८ आलं असतं, तर ड्रॉइंगला हात लावायचं कारणच नव्हतं.

स्केल आधी ठरतं, कागद मग

दुरुस्तीची सुरुवात सॉफ्टवेअरमध्ये होत नाही, पेन्सिलने होते. प्लॅनला कागदावर किती जागा लागेल याचा हिशेब करताना बहुतेक जण फक्त इमारत मोजतात. १:१०० ला इमारत ३८४ × २२६ मिमी; ए३ ची आतली चौकट, डावीकडे फाइलिंगसाठी २० मिमी आणि बाकी तिन्हीकडे १० मिमी सोडून, ३९० × २७७ मिमी. ‘बसतंय की!’ इथेच घोटाळा होतो. डायमेन्शनची पहिली ओळ भिंतीपासून १० मिमी दूर, पुढच्या दोन ८-८ मिमीवर, मग ४ मिमी सोडून ग्रिडचा, म्हणजे खांबांच्या मध्यरेषांच्या नावांचा, १० मिमीचा गोल. एका बाजूला ४० मिमी गेले. समोरच्या बाजूला सेक्शनच्या खुणांसाठी १५ मिमी धरले तरी दोन्ही दिशांना ५५ मिमी वाढतात. प्लॅनची खरी गरज ४३९ × २८१ मिमी. डायमेन्शन कागदावरच्या मापात असतात, त्या स्केलबरोबर लहान होत नाहीत. म्हणून हे ५५ मिमी कुठल्याही स्केलला तेवढेच राहतात.

पर्याय असे पडताळले गेले. ए२ ची आतली चौकट ५६४ × ४०० मिमी. १:१०० ला उजवीकडे १२५ आणि खाली ११९ मिमी मोकळे राहतात. १८० मिमी रुंदीचा टायटल ब्लॉक खालच्या पट्ट्यात आरामात बसतो, जिन्याचा तपशीलही मावतो. ए३ वर १:१५० केलं तर ३११ × २०६ मिमी, बसतं. पण १:१५० आयएसओ ५४५५ च्या १, २, ५ च्या मालिकेत नाही आणि नेहमीच्या त्रिकोणी स्केलपट्टीवरही ती बाजू सहसा नसते. ज्या साइटवर नुकतीच १:१५० च्या गैरसमजातून चूक झाली तिथे पुन्हा १:१५० ची शीट पाठवणं म्हणजे आगीत तेल. ए३ वर १:२०० मालिकेत बसतं, २४७ × १६८ मिमी, जागाच जागा; पण १०० मिमीची आतली भिंत कागदावर अर्धा मिमी होते. तिच्या दोन्ही कडा ०.३५ च्या रेषेने काढल्या की मध्ये पांढरं जवळजवळ उरत नाही, भिंत म्हणजे एक जाड काळी रेघ. की-प्लॅनला, म्हणजे नुसती जागा दाखवणाऱ्या छोट्या नकाशाला, हे चालतं, कामाच्या प्लॅनला नाही.

साइटवाल्यांचं म्हणणं रास्त होतं: ए२ वाऱ्यात धरवत नाही, त्यांना ए३ च हवा. म्हणून प्लॅन मधल्या गाळ्यावर तोडून १:१०० च्याच दोन ए३ शीट करायचं ठरलं. आडव्या ए३ मध्ये हेही बसत नाही, २८१ ची उंची २७७ मध्ये ४ मिमीने अडकते. चार मिमीसाठी डायमेन्शन दाबून बसवण्याचा मोह होतो. त्यापेक्षा कागद उभा करावा. उभ्या ए३ ची चौकट २६७ × ४०० मिमी. अर्धा प्लॅन १९२, मॅच लाइनपलीकडे, म्हणजे दोन शीट जुळतात त्या रेषेपलीकडे, १ मीटरचा ओव्हरलॅप म्हणजे १० मिमी, वर ५५: एकूण २५७. दहा मिमी राखून बसला, आणि खाली टायटल ब्लॉक व की-प्लॅनला ११९ मिमी उरले.

शेवटी ठरलं ते असं: मूळ शीट ए२, १:१००, साइटसाठी उभ्या ए३ च्या दोन शीट, १:१००. तिन्ही एकाच मॉडेलमधून.

फाइलमध्ये केलेले बदल

पहिलं काम एककाची खात्री. ‘डिस्ट’ कमांडने एक दरवाजा मोजला, ९०० आला. म्हणजे एक युनिट एक मिमी. ‘इन्सयुनिट्स’ ही एकक सांगणारी सेटिंग ४, म्हणजे मिमी, आहे हेही पाहिलं. जोडलेली सर्व्हेची फाइल मात्र मीटरमध्ये होती आणि तिचं इन्सयुनिट्स ०, म्हणजे एककच सांगितलेलं नाही. अशी फाइल एक्सरेफ केली, म्हणजे बाहेरून जोडली, की जमिनीची ३८ मीटरची हद्द ३८ मिमीची होऊन खांबाच्या बुडाशी ठिपक्यासारखी पडते, आणि लोक ‘एक्सरेफ येतच नाही’ म्हणून शोधत बसतात. सर्व्हेच्या मूळ फाइलमध्ये इन्सयुनिट्स ६, म्हणजे मीटर, करून ती पुन्हा जोडली. जागेवर हजारपट मोठं करणं हा झटपट उपाय आहे, पण पुढच्या वेळी कुणीतरी मूळ फाइल दुरुस्त करतो आणि मग हद्द ३८ किलोमीटर पसरते.

मग बॉर्डर मॉडेलमधून कापून लेआउटमध्ये, म्हणजे छापायच्या पानावर, आणली आणि ०.०१ पट केली, म्हणजे ती खऱ्या ५९४ × ४२० मध्ये आली. इथे एक बारीक गोष्ट. लेआउटचा शून्य बिंदू मुळात कागदाच्या कोपऱ्यावर नसतो, छपाईयोग्य भागाच्या कोपऱ्यावर असतो. ५ मिमी समास असलेल्या पानावर बॉर्डर ०,० ला टाकली की ती उजवीकडे व वर सरकलेली दिसते आणि लोक ती ‘बसवायला’ थोडी लहान करतात. ९८ टक्क्यांची बॉर्डर अशीच जन्माला येते. त्याऐवजी पेज सेटअपमध्ये ‘फुल ब्लीड’ प्रकारचं ए२ पान निवडलं, ज्याला समासच नाही. चौकट आधीच १० आणि २० मिमी आत असल्याने प्रिंटरने कडेचे ५ मिमी खाल्ले तरी ड्रॉइंगचं काही जात नाही. ते समास त्यासाठीच आहेत.

पेज सेटअपमधल्या बाकीच्या नोंदी: प्लॉट क्षेत्र ‘लेआउट’, स्केल १:१, एकक मिमी. क्षेत्र लेआउट ठेवलं की ‘फिट टू पेपर’ निवडताच येत नाही. हा या मार्गाचा सगळ्यात मोठा फायदा आहे. या सेटअपला नाव देऊन जतन केलं आणि तेच लावलं. दर वेळी प्लॉटच्या खिडकीत हाताने निवड करण्यात चुका होतात.

व्ह्यूपोर्ट, म्हणजे लेआउटमधून मॉडेल दाखवणारी खिडकी, ‘एमव्ह्यू’ने काढला, न छापणाऱ्या लेयरवर. आत दोनदा क्लिक करून ‘झूम’ आणि मग १/१००एक्सपी, म्हणजे कागदावर १/१०० पट. यादीतून १:१०० निवडलं तरी तेच. ड्रॉइंग मीटरमध्ये असतं तर हा आकडा १०एक्सपी झाला असता, कारण एक मीटर कागदावर १० मिमी. स्केल लागलं की प्लॅन फक्त ‘पॅन’ने मध्ये आणायचा. आणि लगेच व्ह्यूपोर्टला कुलूप: प्रॉपर्टीजमध्ये ‘डिस्प्ले लॉक्ड’ला ‘येस’. कुलूप न लावता कुणी आत क्लिक करून माऊसचं चाक एक खाच जरी फिरवलं, तरी १:१०० चं १:९३ होतं आणि डोळ्यांना काही कळत नाही. लेआउटमध्ये बिघडलेली बहुतेक स्केलं या एका खाचेची असतात.

टायटल ब्लॉकमधलं ‘१:१००’ हे टाइप केलेलं अक्षर काढून तिथे फील्ड, म्हणजे आपोआप बदलणारा मजकूर, टाकलं, व्ह्यूपोर्टच्या स्केलला जोडलेलं. व्ह्यूपोर्ट हलला तर आकडाही बदलेल आणि १:९३ छापून येईल. त्यापुढे ‘ए२ पानावर’ हे शब्द लिहिले. कागदाचा आकार सोबत नसेल तर लिहिलेलं स्केल अर्धवट आहे.

खरा वेळ कुठे गेला

वरचं सगळं तासाभराचं काम. दिवस गेला तो जुन्या पद्धतीचे अवशेष काढण्यात.

मॉडेलमधली अक्षरं २५० मिमी उंचीची होती, १:१०० ला २.५ मिमी. (फसलेल्या ए३ वर ती १.६५ मिमी झाली होती. झेरॉक्सवर ३ आणि ८ ओळखू येईनात, ती तक्रार वेगळीच होती.) ए२ वर ती तशीच चालली असती. पण जिन्याच्या चार पायऱ्यांचा तपशील १:२० ला त्याच शीटवर हवा होता, आणि १:२० च्या व्ह्यूपोर्टमध्ये २५० चं अक्षर साडेबारा मिमीचं दिसतं. म्हणून टेक्स्ट व डायमेन्शन स्टाइल ॲनोटेटिव्ह, म्हणजे स्केलप्रमाणे आकार जुळवून घेणाऱ्या, केल्या, कागदावरची उंची २.५. यात हमखास अडकायला होतं: ज्या अक्षराला १:२० हे स्केल दिलेलं नाही ते १:२० च्या व्ह्यूपोर्टमधून गायब होतं. पुसलं गेलेलं नसतं, दिसत नसतं. ‘ॲनोऑलव्हिजिबल’ १ केलं की सगळी परत दिसतात. मग हवी ती निवडून ‘ऑब्जेक्टस्केल’ने स्केल जोडायचं.

तो जिन्याचा तपशील मुळात पाचपट मोठा करून १:१०० च्या बॉर्डरमध्ये बसवलेला होता, आणि मापं खरी दिसावीत म्हणून त्याच्या डायमेन्शनचा ‘डिमएलफॅक’ हा मापाचा गुणक ०.२ केलेला. भूमिती ०.२ पट करून मूळ आकारात आणली, पण हा गुणक तसाच राहिला. परिणाम: ३०० मिमीची पायरी, लिहिलंय ६०. या चुकीला हसू येतं म्हणून ती सापडते. १५०० च्या लँडिंगवर ३०० लिहिलेलं आलं, ते मात्र पायरीच्या मापासारखं दिसल्यामुळे पहिल्या तपासणीत सुटलं. सगळ्या डायमेन्शन एकदम निवडून प्रॉपर्टीजमध्ये हा गुणक १ आहे का, एवढंच बघायचं.

ग्रिडच्या मध्यरेषा लेआउटमध्ये अखंड दिसू लागल्या. ‘एलटीस्केल’, म्हणजे तुटक रेषांच्या तुकड्यांचा गुणक, १०० राहिला होता. मेट्रिक फाइलमधल्या ‘सेंटर’ रेषेचा लांब तुकडा ३१.७५ मिमी, ‘पीएसएलटीस्केल’ १ असताना तुकडे कागदाच्या मापात मोजले जातात, म्हणजे शंभरपटीने एकेक तुकडा तीन मीटरहून लांब झाला आणि अख्खी शीट एका तुकड्यात गेली. एलटीस्केल १ केलं तरी ६० मिमीच्या गाळ्यात जेमतेम एक-दीडच तुकडा बसतो, म्हणून ०.४ ठेवलं: लांब तुकडा १२.७ मिमी. ‘पीएसएलटीस्केल’ व ‘एमएसएलटीस्केल’ दोन्ही १, आणि शेवटी सगळं पुन्हा रेखाटणारं ‘रीजेनऑल’. ते दिलं नाही तर पडद्यावर काही बदलत नाही आणि माणूस आकडे उगाच उलटसुलट करत राहतो.

रेषांच्या जाडीला हात लावावा लागला नाही. ०.१८, ०.३५, ०.५ ही कागदावरचीच मापं आहेत.

हेच काम रेव्हिटमध्ये असतं तर स्केल व्ह्यूचा गुणधर्म म्हणून लागलं असतं आणि अक्षरं आपोआप जुळली असती. पण प्रिंट सेटअपमध्ये ‘फिट टू पेज’ तिथेही आहे आणि ‘झूम १००’ तिथेही निवडावंच लागतं. स्केचअपच्या लेआउटमध्ये पर्स्पेक्टिव्ह बंद करून पॅरलल प्रोजेक्शन केल्याशिवाय स्केल देताच येत नाही, ही चांगली सोय.

पडताळणी

प्रत्येक शीटवर टायटल ब्लॉकशेजारी दोन रेषा टाकल्या, एक आडवी, एक उभी, प्रत्येकी अचूक १०० मिमी, लेआउटमध्ये, खाली लिहिलेलं ‘ही रेषा १०० मिमी भरली पाहिजे’. दोन दिशा यासाठी की रोलवरच्या प्लॉटरमध्ये कागद सरकण्याची दिशा आणि हेडची दिशा वेगवेगळी चुकू शकते, आणि दमट हवेत कागदही दोन्हीकडे सारखा फुगत नाही. त्याशिवाय ० ते १० मीटरची पट्टेदार स्केलबार, ती मात्र व्ह्यूपोर्टच्या आत, मॉडेलमध्ये काढलेली. शीट कितीही आकसली तरी बार तिच्याबरोबर आकसते.

पीडीएफ छापताना ‘ॲक्च्युअल साइज’, आणि कागदाचा आकार पीडीएफच्या पानावरून घेण्याचा पर्याय चालू. ए२ ची पहिली प्रिंट: गाळा ६०.० मिमी, पूर्ण लांबी ३८३.५, चाचणी रेषा आडवी ९९.९, उभी १००. पूर्ण लांबीत अर्धा मिमी म्हणजे इमारतीत ५ सेंमी. कागदाकडून याहून जास्त अपेक्षा नाही. म्हणूनच ज्या दोन भिंतींमुळे हे सगळं उपटलं त्यांना ग्रिडपासून डायमेन्शन दिली आणि ‘लिहिलेलं माप ग्राह्य, मोजलेलं नाही’ ही टीप तिन्ही शीटवर गेली.

दोन ए३ शीटपैकी दुसरी पहिल्यांदा ९६.६ मिमीच्या चाचणी रेषेसह आली. ड्रॉइंग ठीक होतं. दुसऱ्या संगणकावर पीडीएफ वाचकाने ‘फिट’ लक्षात ठेवलं होतं. ती शीट दारातूनच परत गेली. ए२ ची एक प्रत कुणीतरी ए४ वर काढली, तिची रेषा ५० मिमी भरली: दोन पायऱ्यांची घट बरोबर निम्मी असते, म्हणजे ती प्रत १:२०० ची. तिच्यावर हाताने तसं लिहून ती फाइलला लावली.